पाठमोऱ्या खुर्च्या

वानखडे बाईंनी मला इंग्रजी शिकवलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. इंग्रजी मला नंतर पुष्कळांनी शिकवलं, थोडं पुस्तकांनी, थोडं भीतीनं. वानखडे बाई माझ्यासाठी थांबल्या, हे खरं आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. दारव्ह्याच्या नगरपरिषद शाळेतून निघून मी इथे कॅनडातल्या रेजिनाच्या विद्यापीठापर्यंत आलो, त्या वाटेच्या मुळाशी एका बाईंनी आठवीच्या वर्गात खडू हातात धरून थांबणं आहे.

आज सकाळी या वर्षीचा पहिला बर्फ पडला. गाडीला विंटर टायर्स अजून लावायचेत. शेजारचे म्हातारे गृहस्थ आपल्या घरापुढचा बर्फ शोव्हल करून माझ्याही दाराकडे वळले होते, त्यांना हात करून मी बाहेर गेलो आणि खिशात फोन वाजला. आमच्या भागातल्या कम्युनिटी सेंटरचा निरोप होता. नव्यानं आलेल्या लोकांचा इंग्रजीचा वर्ग पुढच्या आठवड्यापासून सुरू, मदतनीस हवेत, येणार का? दर हिवाळ्याला हा निरोप येतो. आणि दर हिवाळ्याला फावड्यावर हात ठेवून मी थोडा वेळ तसाच उभा राहतो. मला तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा आठवतो. ओल्या बुटांचा वास, सेंटरच्या बेसमेंटमधला जुना हीटर, आणि एकमेकींकडे पाठ करून ठेवलेल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या.

माझे वडील नगरपरिषदेत पाण्याचे व्हॉल्व्ह सोडायचे. लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला बांधून पहाटे निघायचे. कोणत्या मोहल्ल्याला आज पाणी, कोणाला उद्या, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. आठवीत बाईंनी एकेकाला उभं करून विचारलं, "व्हॉट डझ युवर फादर डू?" माझी पाळी आली आणि माझी वाचा गेली. वडिलांच्या कामाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, हे एक. आणि ते सांगायची लाज वाटत होती, हे दुसरं. मागच्या बाकावरून कुजबुज सुरू झाली. "फार्मर म्हण बे!" "फार्मर म्हण ना, बस खाली!"

बाई वळल्या. "कोणी सांगायचं नाही. त्याचं वाक्य आहे ते."

मग त्या थांबल्या. रागावल्या नाहीत, हसल्या नाहीत, दुसऱ्या मुलाकडे गेल्या नाहीत. पंखा करकरत होता. तास संपल्याची घंटा झाली. गणिताचे सर दारात आले, तर बाई म्हणाल्या, "दोन मिनिटं द्या सर, याचं व्हायचं आहे." मला जाणवत होतं की ही बाई इथून हलणार नाही, म्हणजे माझ्या आत काहीतरी आहे असं तिला नक्की वाटतंय. शेवटी मी म्हणालो, "माय फादर गिव्हज वॉटर." बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि खाली रेघ ओढली. गणिताच्या सरांनीही त्या दिवशी ते पुसलं नाही, फळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात समीकरणं मांडली.

इतकं मिळूनही मी शिकलो मात्र मागच्या बाकाकडूनच. आमच्या शाळेत अडलेल्याला सांगणं ही दोस्तीची पहिली खूण होती. तपासणीला साहेब आले की पुढच्या मुलाच्या मानेमागे तोंड नेऊन उत्तर पोचवायचं, ओठ न हलवता. जो सांगत नाही तो शिष्ट, तो आपला नाही. मला हे फार चांगलं जमायचं. मी त्याला चांगुलपणाच समजत होतो.

रेजिनात आलो तेव्हा माझ्यासोबत एका घराच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये नागपूरचा मंगेश राहायचा. मी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी इंग्रजीच्या वर्गात मदतीला जाणार म्हटल्यावर तो पांघरुणातून ओरडला, "तू कुठं शिकवायला जाऊन राहिला बे, गज्या? आपलंच इंग्लिश इथं कोणाला समजून नाही राहिलं!"

"शिकवत नाही, मदत करतो."

"बायोडेटात लिहायला पाहिजे म्हण ना सरळ."

तेही खरं होतं. इथला अनुभव म्हणून दोन ओळी लिहिता येणार होत्या. पण पहिल्या दिवशी त्या खोलीत शिरलो आणि ओळींचं विसरलो. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर मोठी माणसं बसली होती, कोणी आजोबा, कोणी चार मुलांची आई, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर आठवीतला मी.

वर्ग घ्यायच्या डोरीन. निवृत्त शिक्षिका, उंच, आवाज भरदार, स्वेटरच्या खिशात स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं घड्याळ. त्या फळ्यावर फारसं लिहायच्या नाहीत. सगळं गटात. लोकरीचा गुंडा फेकायचा, ज्याच्या हातात येईल त्यानं आपलं नाव आणि एक आवडती भाजी सांगायची. कागद घेऊन खोलीभर फिरायचं आणि शोधायचं, इथे कोणी उंटावर बसलंय का, कोणाला पोहता येतं, कोणाच्या घरी आठ भावंडं आहेत. काही देशांतल्या बायका परक्या पुरुषाला प्रश्न विचारायच्या नाहीत, काही माणसं 'नाही' म्हणणं उद्धटपणाचं समजून सगळ्याला 'हो' म्हणायची. उंटावर बसलेले अकरा जण निघाले, त्यातल्या सात जणांनी उंट पाहिलाही नव्हता. त्या दिवशी हसून हसून डोरीनच्या डोळ्यांत पाणी आलं.

एकदा त्यांनी चार चित्रांचे पत्ते काढले. एक माणूस हसत बर्फ काढतोय, घसरतो, अ‍ॅम्ब्युलन्स येते, शेवटी पलंगावर पाय प्लास्टरमध्ये. गटानं बोलून क्रम लावायचा. सीरियाहून आलेले अबू सामेर यांनी पत्ते मांडले आणि आम्ही बघतच राहिलो. माणूस आधी पलंगावर, मग अ‍ॅम्ब्युलन्स, मग घसरला, आणि शेवटी अंगणात उभा राहून हसतोय. डोरीनना लगेच कळलं. अबू सामेर उजवीकडून डावीकडे वाचणारे. त्यांच्या बाजूनं क्रम बरोबरच होता, आमच्या बाजूनं उलटा. ते ओशाळून पत्ते हलवायला लागले, तर शेजारची लेटे म्हणाली, "नो, नो. धिस बेटर. फिनिश, ही इज होम."

लेटे इरिट्रियाची. पूर्ण नाव लेटेब्रहान. पन्नाशीची, डोक्यावर पांढरा पातळ रुमाल, एका हॉटेलात खोल्या आवरायचं काम. तिचा नवरा तेस्फाय तिला गाडीनं आणून सोडायचा आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहायचा. त्याचं इंग्रजी बरं होतं. दुकानात, बँकेत, डॉक्टरकडे तिच्या वतीनं तोच बोलायचा. आणि वर्गात मी.

मी काय करायचो ते सांगतो. डोरीननी मला मागे पडणाऱ्यांजवळ बसायला सांगितलं होतं. फोनवर बोलायचा सराव असला की त्या दोन खुर्च्या एकमेकींकडे पाठ करून ठेवायच्या, कारण फोनवर चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत, नुसता आवाज. एका खुर्चीत अबू सामेर, हातात नर्सचा संवाद लिहिलेला कागद. दुसऱ्या खुर्चीत लेटे, कागदाशिवाय. मी तिच्या मागे जरा बाजूला स्टुलावर. अबू सामेर आपल्या जाड आवाजात नर्स व्हायचे, लेटे एक क्षण गप्प व्हायची, आणि मला ते गप्प राहणं सहन व्हायचं नाही. मी पुढे वाकून हळूच सांगायचो, "कॅन यू रिपीट, प्लीज?" ती मोठ्यानं म्हणायची, "कॅन यू रिपीट, प्लीज!" मग टाळ्या. हळूहळू तिला सवय लागली. प्रश्न आला की ती डोकं किंचित माझ्या बाजूला कलतं करायची, कान पुढे यावा असं. मी बरोबर त्या कानात उत्तर ठेवायचो. डोळे मिटले तर मी दारव्ह्यात होतो, मागच्या बाकावर, आणि माझा दोस्त पास होणार होता.

डोरीननी एकदा विचारलं, "गॅज, या फोनवर दोन माणसं आहेत की तीन?" गजानन त्यांच्या तोंडात कधी बसलं नाही.

मी हसलो. "तिला थोडी मदत, बस."

"मनात दहापर्यंत मोज. मग मदत कर."

मी चारपर्यंत मोजायचो. चारला लेटेचं डोकं कलायचं.

तिला याची गंमत वाटे. तेस्फायला बाहेर बाकावर गाठून ती माझ्याकडे बोट दाखवायची, "आय हॅव टू माउथ. वन हजबंड माउथ, वन गॅज माउथ." तो खोकत खोकत हसायचा. खोकला त्याला डिसेंबरपासूनच होता.

जानेवारीत मी दारव्ह्याला बाईंना फोन केला. दिवाळीनंतर त्यांना पक्षाघात झाल्याचं आईकडून कळलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, समजतं सगळं. त्यांच्या मुलीनं, संध्याताईंनी, फोन त्यांच्या कानाला लावला. "बोल गजानन, आई ऐकते आहे." पलीकडे नुसता श्वास. मी म्हणालो, बाई कशा आहात? श्वास. एक घोगरा आवाज उमटायला लागला आणि मी घाबरलो. मी बोलतच सुटलो. इथली थंडी, माझा प्रकल्प, मार्गदर्शक चांगले आहेत, बर्फावर चालताना बदकासारखं चालावं लागतं. मध्येच मागून संध्याताई म्हणाल्या, "आई म्हणते, छान." मी म्हणालो, ठेवतो बाई, तब्येतीची काळजी घ्या. फोन ठेवल्यावर मला बरं वाटलं होतं. वेळ नीट निभावली असं वाटलं होतं.

फेब्रुवारीत तेस्फाय इस्पितळात गेला. लेटे बसनं वर्गाला येऊ लागली. बाहेरचा बाक रिकामा असायचा. दुसऱ्या आठवड्यात तीही आली नाही, तिसऱ्या आठवड्यात डोरीननी दाराशीच सांगितलं, तेस्फाय गेला. आम्ही काही जण तिच्या घरी गेलो. खूप बायका होत्या, कॉफी भाजल्याचा वास होता, लेटे भिंतीला टेकून बसली होती. मी "सॉरी" म्हणालो. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला.

काय झालं होतं ते मार्चमध्ये कळलं, ती परत वर्गात आली तेव्हा. कोणी विचारलं नव्हतं. डोरीननी पेल्यात कॉफी ओतून दिली, आणि लेटेनं पेल्याकडे बघत आपल्या इंग्रजीत सांगितलं. त्या दिवशी ती हॉटेलात कामावर होती. सकाळी फोन आला, इस्पितळातून, नर्सचा. नर्स भरभर बोलली. तेस्फायचं नाव तेवढं कळलं.

"आय वेट," लेटे म्हणाली. "आय वेट स्मॉल व्हॉइस." तिनं डोकं किंचित एका बाजूला कलतं केलं, नेहमीसारखं. "नो स्मॉल व्हॉइस. सो आय से, येस. ओके. थँक यू."

पलीकडे नर्सला वाटलं, हिला कळलं. ती म्हणत होती की त्याची तब्येत उतरते आहे, लगेच या. लेटेनं फोन एप्रनच्या खिशात ठेवला. राहिलेल्या सहा खोल्यांच्या चादरी बदलल्या, न्हाणीघरं पुसली, मग बस धरली. ती पोचायच्या तासभर आधी तो गेला होता. जाण्याआधी तो तिच्याबद्दल विचारत होता, असं पुढे कोणीतरी तिला सांगितलं.

तिनं माझ्याकडे बघून हे सांगितलं नाही. आरोप करायचा तिचा विचारही नसावा. 'स्मॉल व्हॉइस' ती तशी प्रेमानंच म्हणत होती. त्यामुळेच मला तिथे बसवेना. मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. डोरीन आल्या. मी म्हणालो, "मी तिला सांगत होतो. सगळं मीच सांगत होतो." मला वाटलं त्या म्हणतील, तुझा दोष नाही. त्या म्हणाल्या, "त्याचं आजारपण तू आणलं नाहीस, गॅज. पण ते दहा आकडे तिचे होते." आणि खिशातलं घड्याळ माझ्या हातात देऊन वर्गात परत गेल्या.

त्याच दिवशी, तास संपायला थोडा वेळ असताना, लेटे उठली. तिनं स्वतः दोन खुर्च्या ओढल्या आणि एकमेकींकडे पाठ करून ठेवल्या. अबू सामेर यांना नर्सचा कागद दिला. मी सवयीनं स्टूल उचललं, तर तिनं हात आडवा केला. "गॅज, टुडे नो स्मॉल व्हॉइस." आणि बोटानं समोरची भिंत दाखवली.

मी भिंतीपाशी उभा राहिलो. अबू सामेर यांनी वाचलं, आणि वाचता वाचता त्यांचाच आवाज फाटला, कारण कागदावर इस्पितळाचंच होतं, उद्या दहाला तपासणी, उपाशीपोटी या, असलं साधंच. लेटे गप्प. तिचं डोकं कलायला लागलं, मग तिनं ते सरळ केलं. घड्याळ माझ्या मुठीत टिकटिकत होतं. मी दहा मोजले. वीस मोजले. हीटर घुरघुरून बंद पडला. चाळीसच्या पुढे आकडे मोजायचं मी सोडून दिलं, तिच्याकडे बघत राहिलो. तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खडू धरून थांबलेल्या बाईंना किती अवघड गेलं असेल. 

"स्टॉप," लेटे म्हणाली. आवाज घोगरा होता. "से अगेन. स्लो. आय ऑल्सो परसन."

टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत.

पुढे ती एडमंटनला बहिणीकडे गेली. डोरीन अजून वर्ग घेतात, गुडघा दुखतो म्हणून आता बसून. मी शिकून नोकरीला लागलो. सगळं मार्गी लागलं असं पत्रातून घरी लिहावं, असं आहे. पण बर्फ पडला की तो हिवाळा परत येतो, आणि कधीकधी मी त्याचे पत्ते अबू सामेर यांच्यासारखे उजवीकडून मांडून बघतो. म्हणजे डावीकडून वाचणाऱ्या मला आधी लेटे रिकाम्या पलंगाशी दिसते, मग बसमध्ये, मग चादरी बदलताना, मग एप्रनमध्ये फोन वाजतो, मग वर्ग, दोन खुर्च्या, माझं स्टूल. आणि शेवटच्या पत्त्यात बाहेरच्या बाकावर तेस्फाय, खोकत हसतो आहे. असे मांडले तरी स्टूल मधून काढता येत नाही.

लेटेनं खुर्च्या ओढल्या त्या आठवड्यात मी वानखडे बाईंना पत्र लिहिलं. त्यानंतर आमचे बरेच रविवार झाले. गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. परवा संध्याताईंना बाईंच्या जुन्या शब्दकोशात ते पत्र सापडलं, त्यांनी फोटो काढून पाठवला. घड्या फार पडल्यात, पण अक्षर लागतं. मी आज सेंटरला 'येतो' असं कळवलं, आणि मग ते पुन्हा वाचलं.

*

ती. वानखडे बाईंना गजाननचा साष्टांग नमस्कार.

बाई, हे पत्र संध्याताईंनी तुम्हाला वाचून दाखवावं. घाईनं नको.

तुम्हाला आठवीतला तो दिवस आठवतो की नाही, मला माहीत नाही. तुमच्या हातून शेकडो मुलं गेली. वडिलांच्या कामाला शब्द नव्हता आणि तुम्ही घंटा होऊन गेली तरी थांबलात. मी ते वाक्य इथे प्रत्येक मुलाखतीआधी मनात म्हणून मग आत जातो. वडिलांना मी ते अजून सांगितलेलं नाही, या वेळी आलो की सांगेन.

बाई, माझ्या हातून एक चूक झाली आहे. इथे मी एका बाईंना इंग्रजी बोलायला मदत करत होतो. त्या अडल्या की मी लगेच सांगायचो. मला वाटायचं मी तुमच्यासारखं वागतोय. मी मागच्या बाकासारखं वागत होतो. ज्या दिवशी त्यांना खरंच बोलायचं होतं, त्या दिवशी त्या माझ्या आवाजाची वाट बघत राहिल्या आणि त्यात त्यांचं माणूस शेवटचं भेटायचं राहून गेलं. सविस्तर लिहवत नाही. तुम्ही रागवावं असं वाटतं. दुसरं कोणी रागवायला तयार नाही.

आणि त्यानंतर मला जानेवारीतला आपला फोन आठवला. तुम्ही काहीतरी म्हणायला लागला होता. मी ते ऐकलं होतं बाई, ऐकलं नाही असं नाही. मला भीती वाटली म्हणून मी बर्फाचं आणि बदकाचं बोलत सुटलो, आणि 'छान' ऐकून फोन ठेवला. ते 'छान' तुमचं नव्हतं.

पत्र पोचल्याचं संध्याताईंनी कळवलं की लगेचच्या रविवारी, माझ्या सकाळी, तुमच्याकडे तिन्हीसांजेला, मी फोन करीन. त्या दिवशी मी दुसरं काही काम ठेवणार नाही. मी फक्त 'बाई, मी गजानन' एवढं म्हणेन आणि थांबेन. अर्धा तास लागला तरी चालेल, काहीच आलं नाही तर पुढच्या रविवारी पुन्हा थांबेन.

संध्याताईंना एवढंच सांगणं, मध्ये कोणी सांगायचं नाही. तुमचं वाक्य आहे ते.

आपला विद्यार्थी,
गजानन